डावपेचांच्या छोट्या गेमची मालिका कशी वाढवावी

कोल्हापुरात दोघातिघांच्या बळावर डावपेचांचा एखादा छोटा मोबाइल गेम बनवणाऱ्या, आणि तो चालला तर पुढे काय करायचे असा प्रश्न पडलेल्या मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे. मोठे शहर आणि मोठी कंपनी पाठीशी असल्याशिवाय गेमची मालिका उभी राहत नाही, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खोडून काढायला दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ‘ब्लून्स टॉवर डिफेन्स’ ही वाटेवर माकडे ठेवून फुगे फोडण्याची मालिका न्यूझीलंडमध्ये दोन भावांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या निंजा किवी या कंपनीची आहे, तर ‘किंगडम रश’ ही वाटेवर मनोरे उभारून शत्रू अडवण्याची मालिका उरुग्वेतील मॉन्टेव्हिडिओ या शहरात तिघांनी उभ्या केलेल्या आयर्नहाइड या स्टुडिओची आहे. तिसरे उदाहरण सर्वांना ठाऊक असलेले, म्हणजे अंगणात रोपे लावून झॉम्बींना घरात शिरू न देण्याचा ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ हा गेम. तो पॉपकॅप या नावाजलेल्या अमेरिकन कंपनीने २००९ मध्ये प्रसिद्ध केला असला, तरी जॉर्ज फॅन यांच्या नेतृत्वाखालील मूळ चमू अगदी लहान होता. या तिन्ही मालिकांची वाढ बारकाईने पाहिली, तर जिथे एका वेळी एकच नियम वाकवला गेला तिथे खेळणारा बरोबर आला, आणि जिथे सगळेच एकदम बदलले तिथे तो मागे राहिला, असे दिसते. पुढील सर्व सूचना या एका निरीक्षणावर आधारलेल्या आहेत.

पहिला गेम लहान, पण पूर्ण असावा

मालिकेचा विचार मनात असला तरी पहिल्या गेममध्ये तो कोठेही दिसू देऊ नये. एक मैदान, एक साधनसंपत्ती, चारपाच आयुधे आणि तीनचार प्रकारचे शत्रू एवढ्यावर गेम उभा राहत नसेल, तर आयुधे वाढवूनही तो उभा राहणार नाही.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक काल्पनिक नमुना घेऊ. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातून गवे आणि रानडुकरे उसाच्या शिवारात उतरतात, ही आपल्या जिल्ह्यातील नेहमीची तक्रार आहे. आपल्या गेममध्ये पाच सऱ्यांचे एक शिवार असेल. साधनसंपत्ती म्हणजे पाण्याची पाळी, आणि आयुधे म्हणजे बुजगावणे, गोफण, डबा वाजवणारा राखणदार, चर आणि बॅटरी. जनावर मारायचे नाही, हुसकावून लावायचे, हे सुरुवातीलाच ठरवावे. गवा कायद्याने संरक्षित प्राणी आहे हे एक कारण झालेच, परंतु हुसकावलेले जनावर दुसऱ्या सरीतून पुन्हा येऊ शकते, आणि त्यातून मारण्यापेक्षा अधिक चांगला डाव तयार होतो.

आकडे ठरवताना ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’चा हिशेब समोर ठेवावा. तेथे एरवीच्या लेव्हलमध्ये खेळणाऱ्याच्या हाती आरंभी सूर्यप्रकाशाचे ५० गुण (रोपे घेण्याचे चलन) असतात, सूर्यफुलाची किंमत ५० आणि वाटाणे फेकणाऱ्या रोपाची १०० असते. त्यामुळे आधी उत्पन्नाची सोय करावी, मग संरक्षण, हा धडा कोणीही शब्दांत सांगत नाही. पहिल्या चालीत परवडते तेच लावावे लागते आणि धडा आपोआप मिळतो. आपल्या शिवारातही आरंभी दोन पाळ्या द्याव्यात, विहिरीवरच्या मोटरीची किंमत दोन ठेवावी आणि राखणदाराची चार. मोटर आधी बसवा, असे लिहून दाखवण्याची गरज उरत नाही.

त्याच गेममधील पहिल्या लेव्हलमध्ये हिरवळीची एकच ओळ असते, मग तीन आणि नंतर पाच. नवे रोपही साधारणपणे एका लेव्हलनंतर एक असेच हाती येते. फॅन यांनी २०१२ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये आपल्या आईला हा गेम शेवटपर्यंत कसा खेळता आला, या विषयावर व्याख्यान दिले होते. पडद्यावर एका वेळी आठाहून अधिक शब्द असू नयेत, हा त्यातील एक सल्ला. मराठी सूचनांना आठ शब्दही जास्त होतात, कारण आपले शब्द प्रत्ययांसह लांबतात आणि बटणाबाहेर सांडतात.

येथेच एक तांत्रिक गोष्ट तपासून घ्यावी. युनिटी या इंजिनमधील (गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधील) नेहमीच्या मजकूर-साधनात देवनागरी नीट जुळत नाही: ‘शिवार’मधील पहिली वेलांटी ‘श’च्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनमध्ये ही अडचण येत नाही. इंजिन निवडण्यापूर्वीच ‘क्षेत्र’, ‘पाण्याची’, ‘हुसकावल्या’ असे चारदोन शब्द पडद्यावर आणून पाहावेत; गेम अर्धा झाल्यावर हा दोष उघडकीस आला तर निस्तरणे फार महाग पडते.

न बोलता खेळून पाहू द्यावे

चाचणीसाठी गेम खेळणाऱ्या मित्रांकडे जाऊ नये, कारण ते अडचणीतून स्वतःच वाट काढतात आणि दोष झाकला जातो. घरातील मोठी माणसे, मेसच्या मावशी, रंकाळ्यावर फिरायला येणारे निवृत्त शिक्षक अशांच्या हाती फोन द्यावा आणि तोंडातून चकार शब्द काढू नये. खेळणाऱ्याचा अंगठा पाहत राहावे. तो पडद्यावर कोठे थबकतो, कोणते चित्र बटण समजून पुन्हा पुन्हा दाबतो, मोटर उचलून सरीत ठेवायची की नुसती टिचकी मारायची याबद्दल कोठे गोंधळतो, हे वहीत लिहावे. गेम आवडला का, हे विचारण्यात अर्थ नाही. समोर बसलेल्या मुलाला कोणी नाही म्हणत नाही.

रंकाळ्याच्या काठावर दुपारच्या उन्हात एकदा आणि गर्दीच्या केएमटी बसमध्ये एका हाताने एकदा, असा गेम अवश्य खेळून पाहावा. उन्हात उसाच्या हिरव्या रंगावर हिरव्या सदऱ्यातील राखणदार दिसत नाही, हे खोलीत बसून कधीच लक्षात येत नाही. चाचणीचा फोनही साधा, दोनतीन वर्षे वापरलेला असावा.

एका वेळी एकच नियम वाकवावा

मालिकेची खरी वाढ पहिल्या गेमच्या पोटातच सुरू होते. ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’मधील मुख्य प्रवास ५० लेव्हलचा आहे आणि तो पाच ठिकाणी घडतो. रात्र झाली की आकाशातून सूर्यप्रकाश पडणे थांबते. मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव येतो, आणि पाण्यात काही लावायचे तर आधी कमळाचे पान टाकावे लागते. धुक्यात समोरचे दिसत नाही. छपरावर कुंडीशिवाय रोप लागत नाही आणि उतारामुळे सरळ फेकलेला वाटाणा अडतो. दरवेळी बाकीचे नियम जसेच्या तसे राहतात, म्हणून खेळणाऱ्याला नव्याने शिकावे लागत नाही. शिकलेलेच वेगळ्या अडचणीत वापरावे लागते.

आपल्या शिवाराला हीच पद्धत लावून पाहू. शेतीपंपांची वीज अनेकदा रात्रीच येते, हे आपल्या भागातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तेव्हा रात्रीच्या लेव्हलमध्ये पाणी मुबलक ठेवावे, पण बॅटरीचा झोत जेथे पडेल तेवढीच सरी दिसेल असे करावे. पावसाळ्यात मोटरीची गरज संपते, मात्र चर पाण्याने भरून निकामी होतात. पन्हाळ्याच्या बाजूच्या चढावरील शेतात गोफणीचा दगड वरच्या अंगाला कमी अंतर जातो. तोडणी सुरू झाली की एकेक सरी रिकामी होत जाते. राखायचे क्षेत्र घटते, तशी आयुधे ठेवण्याची जागाही घटते आणि डावाचा शेवट आपोआप घट्ट होतो. सुरू, पूर्वहंगामी आणि आडसाली या लागणींचा काळ साधारण १२, १५ आणि १८ महिन्यांचा असतो, त्यामुळे लहान, मध्यम आणि लांब डाव अशी काठिण्यपातळीची नावेही तयारच आहेत.

यातील दोन बदल एकाच लेव्हलमध्ये आणण्याचा मोह होतो. पावसाळी रात्र कागदावर फार छान दिसते. ती मात्र पाऊस आणि रात्र स्वतंत्रपणे खेळून झाल्यानंतरच द्यावी.

दुसरा भाग की त्याच गेमची वाढ

प्रत्येक लेव्हलचा आरंभ आणि शेवट फायरबेससारख्या, गेमच्या वापराची नोंद ठेवणाऱ्या साधनाने नोंदवावा. किती जणांनी गेम उतरवला, हा आकडा सुखावणारा असला तरी निर्णयासाठी निरुपयोगी आहे. सातव्या दिवशी किती जण परत आले, आणि शेवटची लेव्हल संपवणाऱ्यांपैकी किती जणांनी ती पुन्हा खेळली, हे पाहावे. एखाद्या लेव्हलवर लोक गळत असतील तर आधी ती दुरुस्त करावी. दुसऱ्या भागाचा विचार नंतर.

वाढीचे मार्ग तीन आहेत. आयर्नहाइडने क्रमाने नवे भाग काढले: मूळ गेम २०११ मध्ये, ‘फ्रंटियर्स’ २०१३, ‘ओरिजिन्स’ २०१४, ‘व्हेन्जन्स’ २०१८ आणि ‘अलायन्स’ २०२४. धनुर्धारी, सैनिक, जादूगार आणि तोफा हे मनोऱ्यांचे चार मूळ प्रकार ‘फ्रंटियर्स’मध्येही तेच राहिले, ‘व्हेन्जन्स’मध्ये मात्र खेळणारा खलनायकाच्या बाजूला गेला आणि मनोरे निवडण्याची मुभा मिळाली. एवढा मोठा बदल करण्याचे धाडस तोवर कमावलेल्या विश्वासावर करता आले, असे मला वाटते.

निंजा किवीने वेगळा मार्ग धरला. ‘ब्लून्स टीडी ६’ २०१८ मध्ये आला आणि सातवा भाग घाईने काढण्याऐवजी कंपनी वर्षानुवर्षे त्याच गेममध्ये नवे नकाशे आणि नवी माकडे घालत राहिली. मनुष्यबळ कमी असलेल्या चमूला हा मार्ग अधिक झेपतो, कारण जुने खेळणारे विखुरत नाहीत.

तिसरा मार्ग पात्रे तीच ठेवून खेळाचा प्रकार बदलण्याचा. ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’मधून २०१४ मध्ये ‘गार्डन वॉरफेअर’ हा नेमबाजीचा आणि २०१६ मध्ये ‘हीरोज’ हा पत्त्यांचा गेम निघाला. तोवर पॉपकॅप ही कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतली होती. २०११ मधील त्या व्यवहारात ६५ कोटी डॉलर रोख आणि १० कोटी डॉलरचे समभाग मोजले गेले. एवढे भांडवल मागे असेल तरच या वाटेला जावे. तसे असूनही मालिकेचा तिसरा भाग २०२० पासून मोजक्या देशांत वेगवेगळ्या रूपांत आणून मागे घ्यावा लागला, आणि २०२५ मध्ये मूळ गेमच नव्या चित्रांसह ‘रीप्लँटेड’ या नावाने पुन्हा बाजारात आला.

पैसे आणि कागदपत्रे

मूळ ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ विकत घ्यावा लागत असे. २०१३ मधील दुसरा भाग मोफत झाला आणि काही रोपे खऱ्या पैशांत विकली जाऊ लागली. माझ्या मते डावपेचांच्या गेममध्ये आयुध विकणे ही सर्वांत वाईट सोय आहे. हरल्यावर खेळणाऱ्याला आपलाच डाव चुकला असे वाटले पाहिजे. विकाऊ गोफण दुकानात दिसली की मुद्दाम हरवले जात असल्याचा संशय येतो, आणि तो पुन्हा जात नाही. पहिल्या दहा लेव्हल मोफत देऊन उरलेला गेम एकाच किमतीला द्यावा, किंवा केवळ दिसण्यात फरक पडेल अशा वस्तू विकाव्यात. पैसे लावून खेळण्याची कोणतीही सोय ठेवू नये. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तशा खेळांवर बंदी आहे.

गूगल प्लेवर खाते उघडण्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. गूगलच्या नव्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद (म्हणजे निवडक लोकांपुरती) चाचणी करून घ्यावी लागते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गेम आणायचा असेल तर हे दिवस आधीच धरावेत. वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलर उत्पन्नावर दोन्हीकडे साधारण १५ टक्के दलाली जाते.

मालिकेचे नाव व्यापारचिन्ह म्हणून पहिल्या भागाच्या वेळीच नोंदवण्यास द्यावे. सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९ आणि मनोरंजन सेवांसाठी वर्ग ४१ आहे. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क पडते. नाव ठरवताना ते निपाणी-बेळगावकडे कन्नडमध्येही नीट उच्चारता यावे, हे पाहावे, कारण दुसरी भाषा म्हणून कन्नड जोडणे आपल्याला इतरांपेक्षा सोपे आहे.

शेवटचे काम मूळ फायली जपण्याचे. ‘किंगडम रश’ आणि ‘ब्लून्स’ दोन्ही ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या फ्लॅश या जुन्या तंत्रज्ञानावर जन्मले, आणि फ्लॅशचा आधार डिसेंबर २०२० मध्ये संपला; तोवर दोन्ही मालिका फोनवर पोचल्या होत्या म्हणून निभावल्या. प्रत्येक भाग प्रसिद्ध झाल्या दिवशी त्याचा कोड, चित्रांच्या थरांसह मूळ फायली, आवाजाच्या कच्च्या नोंदी आणि इंजिनची नेमकी आवृत्ती दोन वेगळ्या ठिकाणी साठवावी, आणि चमूतील दुसऱ्या व्यक्तीने त्या साठ्यावरून गेम नव्या संगणकावर पुन्हा बांधून दाखवावा.