लेकरं घेऊन संभाजीनगर बघायला निघायच्या आधी

गाईडबुक घेतलं की आधी छापलेलं साल बघा. आमच्याकडं भावानं दिलेलं जुनं पुस्तक आहे, त्यात शहर अजून औरंगाबादच आहे अन् तिकिटाचे भाव बघून तर हसूच येतं, पण लेण्यांच्या माहितीला तेच चालतंय, वेरूळचं कैलास देऊळ काय कुठं हलत नाही. भाव अन् वेळा तेवढ्या मोबाईलवर बघून घ्या.

मग बंदचे वार. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, हे पहिल्याच पानावर पेन्सिलनं मोठं लिहा. आम्ही परभणीहून पहाटेची रेल्वे धरून नेमके मंगळवारी वेरूळच्या गेटसमोर, लेकरं हत्ती कुठंय म्हणून रडायलीत, बायको माझ्याकडं बघायलीय, अन् मी पुस्तक उघडतो तर ते छापलेलं होतंच, खाली बारीक अक्षरात.

पुस्तकात वेरूळ, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, पाणचक्की सगळं एका दिवसात बसवलेलं असतं, ते बिनलेकरांच्या माणसासाठी. तीन अन् सहा वर्षांची सोबत असतील तर त्यातलं दोनच धरा, बाकीच्यावर काट मारा. वेरूळला लेणी ३४, पण सकाळी लेकरं ताजी असतात तोवर थेट १६ नंबर, म्हणजे कैलास. देवळाच्या जोत्याला दगडी हत्तींची रांगच आहे, आमचा धाकटा मोजत मोजत फिरला, दरवेळी आकडा वेगळा. हे आख्खं देऊळ एकाच दगडात, वरून खाली कोरत आणलंय हे मोठीला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं म्हणून ती वर बघत उभी राहिली, नाहीतर तिला सगळे खांब सारखेच. त्यानंतर जमलं तर १० नंबर, छताला दगडाचे वासे आहेत. जैन लेणी ३० ते ३४, लांब पडतात, राहिली तर राहू द्या.

आदल्या रात्री पुस्तकातले फोटो दाखवून लेकरांना एकेक जागा निवडू द्या. आमच्यात दौलताबाद किल्ल्यावरची मेंढा तोफ निघाली, मग तिथं चिनी महाल अन् तोफ बघून परत फिरलो, अंधारी म्हणजे काळोखी भुयारी वाट अन् वरची बारादरी पुन्हा कधीतरी. मला जायचं होतं खरं.

आख्खं पुस्तक वागवू नका, लागतील तेवढ्या पानांची झेरॉक्स काढा. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही, तरी आधारची कॉपी ठेवा. धपाटे अन् चटणी घ्या पण डबा पिशवीत, लेण्यांपाशी वानरं असतात, हातातलं गेलं म्हणून समजा. बाबागाडी घरीच राहू द्या, सगळीकडं पायऱ्या.

अजिंठ्याला वेगळा दिवस, शहरापासून शंभरेक किलोमीटर, गाडी खाली लावून पुढं तिथली बस, मग चढ. चित्रांच्या लेण्यांत उजेड कमी अन् फ्लॅश चालत नाही, तीन वर्षाचं लेकरू तिथं कंटाळतं.

संध्याकाळ पाणचक्कीला ठेवा, चढायचं काही नाही. लांबच्या डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणून त्यावर जातं फिरवायचे, हे दाखवलं तर पीठ कुठंय विचारतील. अन् कपड्यांचा एक जोड बॅगेत वरच ठेवा, हौदापाशी लेकरू कोरडं राहत नाही.