असिंक-अवेट वापरताना या चुका टाळा

जावास्क्रिप्टमध्ये २०१७ साली असिंक-अवेट, म्हणजे वेळ खाणाऱ्या कामाच्या निकालासाठी थांबायची सोपी पद्धत, आलं आणि कॉलबॅकची (काम झाल्यावर चालवायच्या, एकात एक अडकवलेल्या फंक्शनची) उतरंड बरीचशी मोडली. पण कोड आता इतका सरळ दिसतो, की तो ओळीनं वरून खाली चालतोय असंच वाटत राहतं. गोंधळ होतो तो इथेच.

यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर फंक्शन चालवणाऱ्या फॉरईचच्या आत अवेट लिहिणं ही हमखास आढळणारी चूक. फॉरईच फंक्शन बोलावतं, पण त्यातून आलेल्या प्रॉमिसकडे (पुढे येणाऱ्या निकालाच्या वायद्याकडे) ढुंकूनही बघत नाही. मग ‘सगळं सेव्ह झालं’ हा मेसेज आधी झळकतो आणि सेव्ह मागाहून होतं. एकामागून एक कामं हवी असतील तर साधा फॉर-ऑफ लूप घ्या. सगळी एकदम सोडायची असतील तर मॅप आणि प्रॉमिस-ऑल. त्यात एक जरी रिक्वेस्ट फसली तरी प्रॉमिस-ऑल तिथेच एरर देतं. उरलेल्या रिक्वेस्ट मात्र चालूच राहतात. प्रत्येकीचा निकाल हवा असेल तर ऑल-सेटल्ड वापरा.

सर्व्हरकडे रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फेचला ४०४ किंवा ५०० असा एरर कोड आला तरी एरर पकडणारा कॅच चालत नाही. सर्व्हरनं उत्तर दिलं ना, मग फेचच्या लेखी काम झालं! रिस्पॉन्सचं ओके दर वेळी स्वतः तपासावं लागतं. वैताग आहे, पण इलाज नाही.

ट्रायच्या आतून अवेट न लावता प्रॉमिस रिटर्न केलं, तर त्याची एरर तुमच्या कॅचला चकवून बाहेर जाते. ‘रिटर्न अवेट नको’ हा एरवी दिला जाणारा सल्ला इथे मोडायचाच. नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) १५व्या आवृत्तीपासून अशी कुणीच न पकडलेली एरर अख्खी प्रोसेस बंद पाडते.

सर्चबॉक्सचा घोळ सगळ्यात चिवट. ‘सात’ टाइप केलं, मग ‘सातारा’. पहिल्याचं उत्तर उशिरा आलं तर तेच ‘सातारा’च्या यादीवर चढून बसतं. डिबाउन्सनं (टाइपिंग जरा थांबल्यावरच रिक्वेस्ट पाठवण्यानं) हे कमी होतं, मिटत नाही. नवी रिक्वेस्ट पाठवण्याआधी जुनी अबॉर्ट-कंट्रोलरनं रद्द करा आणि त्यातून येणारी अबॉर्ट-एरर युजरला दाखवू नका. ती तुम्हीच घडवलेली असते.

लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर, उत्तरं चटकन येतात, म्हणून यातलं बरंच काही दिसतच नाही. ब्राउझरच्या डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये स्पीड मुद्दाम कमी करा, भराभर टाइप करा आणि उत्तरं कोणत्या क्रमानं येतात ते बघा.