गूगलवर अ‍ॅड लावताय? आधी लोकांनी काय टाईप केलं ते बघा

क्लिकमागे पैसे जाणारी अ‍ॅड पहिल्यांदा लावणाऱ्यांना कळकळीने सांगते, नुसता कीवर्ड (ज्या शब्दाच्या शोधावर अ‍ॅड दिसावी तो शब्द) टाकून मोकळं होऊ नका. माझी वहिनी घरून हापूसच्या पेट्या विकते, तिने 'हापूस आंबा' एवढाच कीवर्ड ब्रॉड मॅचवर (म्हणजे त्याच्याशी संबंधित कुठल्याही शोधाला अ‍ॅड दिसू शकते) ठेवलेला, चार दिवसांनी दोघींनी बसून सर्च टर्म्सचा रिपोर्ट (लोकांनी प्रत्यक्षात काय टाईप केलं त्याची यादी) उघडला तर क्लिक कोणाचे, 'हापूस कलम', 'आंबा फवारणी', 'आमरस रेसिपी' शोधणाऱ्यांचे, आणि प्रत्येक क्लिकचे पैसे कापलेले, पेटी यातल्या कुणालाच नको होती. मग कलम, रोप, फवारणी, रेसिपी, फोटो सगळं निगेटिव्ह कीवर्डमध्ये (हे शब्द शोधात असले तर अ‍ॅड दाखवू नका अशी यादी) टाकलं आणि मूळ कीवर्ड फ्रेज मॅच केला, म्हणजे शोधात 'हापूस आंबा' याच अर्थाचे शब्द असले तरच अ‍ॅड दिसते. हे एकदा करून संपत नाही हं, सुरुवातीला रोज बघा.

लोकेशनचं पण तेच. डिलिव्हरी फक्त पुण्यात असली तरी डिफॉल्ट सेटिंगमध्ये पुण्यात नुसता रस असलेले बाहेरचे लोकही येतात, ते बदला.

आणि दिवसाचं बजेट ५०० ठेवलं म्हणजे रोज ५००च जातील असं नाही, एखाद्या दिवशी दुप्पट म्हणजे १००० पर्यंत जाऊ शकतात, महिन्याची मर्यादा ५०० गुणिले ३०.४ (महिन्याचे सरासरी दिवस) अशी धरतात, वर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणून आधी कागदावर मांडा, पेटीमागे २०० सुटत असतील आणि २० क्लिकला एक ऑर्डर येत असेल तर १० रुपयांच्या क्लिकला हातात काहीच उरत नाही.