सरकारी हायस्कुलाचा इतिहास लिहायला बसताना

सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका येते, आणि स्मरणिका आली की ‘शाळेचा इतिहास’ नावाची चार पानं कुणाच्या तरी गळ्यात पडतात. सहसा मराठीच्या शिक्षकांच्या. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात ती माझ्या गळ्यात पडली, आणि मी गणिताची. त्यामुळे मी सांगते ती पद्धत जरा हिशेबी वाटेल. पण मंत्र्यांचे शुभसंदेश आणि ‘गावात ज्ञानगंगा अवतरली’ यांच्यापुढे जायचं असेल तर हिशेबाला पर्याय नाही.

सुरुवात जनरल रजिस्टरपासून करा. प्रत्येक मुलाचा प्रवेश क्रमांक, जन्मतारीख, आधीची शाळा, कुठल्या इयत्तेत आला, शाळा कधी सोडली आणि का, हे सगळं त्यात एका ओळीत असतं. दाखला मागायला माणूस चाळीस वर्षांनीही येतो, म्हणून बाकीची दप्तरं गेली तरी हे रजिस्टर शाळा जपून ठेवते. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि कार्यालयातच बसून काम करा, तेही एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यात जुनी पानं दमट होऊन एकमेकांना चिकटतात, उलटताना फाटतात. मोबाईलवर फोटो काढू नका. आपल्या वहीत फक्त संख्या उतरवा. नाव, जात, जन्मतारीख यातलं काहीही शाळेबाहेर जाता कामा नये.

मोजायचं काय? दर वर्षी किती मुलं आली, त्यात मुली किती, कुठल्या प्राथमिक शाळेतून किती, आणि दहावीच्या आधी किती गळली. ‘आधीची शाळा’ हा रकाना नीट भरलात तर हायस्कूल नेमक्या कुठल्या वाड्यांवर उभं राहिलं ते कळतं. एखाद्या गावातून मुलं यायची अचानक थांबली तर त्या गावात काय झालं ते शोधा: नवी शाळा निघाली, बस सुरू झाली, की जुनी बंद पडली. ‘सोडण्याचं कारण’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यातून काही निघत नाही. त्यापेक्षा प्रवेश अर्ज चांगले, कारण त्यात वडिलांचा धंदा असतो. आमच्या भागात त्या रकान्यात ‘ट्रक चालक’, ‘ट्रक मालक’, ‘खाणीवर कामाला’ अशी ओळ लागलेली दिसते. 2012 साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, मार्च 2018 मध्ये पुन्हा पडल्या. त्या वर्षांच्या आगेमागे तो रकाना कसा बदलतो ते पाहा. शाळेचा इतिहास म्हणजे गावाच्या चुलीचा इतिहास, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

आता स्थापनेचं वर्ष. यावर भांडणं होतात, म्हणून इथे घाई करू नका. सरकारी हायस्कूल सहसा एका दिवसात जन्मलेलं नसतं. आधी गावातली प्राथमिक शाळा, मग पाचवी ते सातवीची मिडल स्कूल, मग दर वर्षी एकेक वर्ग वाढत दहावी. त्यात देवळाच्या सभामंडपात किंवा कुणाच्या ओसरीवर भरलेले वर्ग आणि नंतर मिळालेली इमारत. कोनशिलेवर असते ती इमारतीची तारीख, शाळेची नव्हे. मी म्हणेन, आठवीचा पहिला वर्ग भरला ते हायस्कुलाचं वर्ष धरा आणि बाकीच्या सगळ्या तारखा शेजारी लिहा. एक गोष्ट ध्यानात असू द्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत एसएससी अकरावीला होती आणि परीक्षा पुणे बोर्डाची. गोव्याचं स्वतःचं बोर्ड 1975 सालचं. म्हणजे शाळा त्याआधीची असेल तर ‘पहिली दहावीची तुकडी’ हा शब्दच चुकीचा ठरू शकतो.

मागची थोडी पार्श्वभूमी एका परिच्छेदात उरका, त्याहून जास्त नको. पणजीचं पोर्तुगीज लिसेव, म्हणजे माध्यमिक शाळा, 1854 सालचं. मराठी शिक्षण चालवलं ते खाजगी संस्थांनी. 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना मोकळीक मिळाली आणि पुढच्याच वर्षी फोंड्यात आल्मेदा हायस्कूल उभं राहिलं. खेड्यातलं सरकारी हायस्कूल ही पोर्तुगीज गेल्यानंतरची, मुक्तीनंतरची गोष्ट. भाऊसाहेब बांदोडकर डिसेंबर 1963 मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री झाले, त्यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्या शाळांतली मुलं वरच्या वर्गात पोचली तेव्हा पुढे कुठे पाठवायची हा प्रश्न घरोघरी आला. तुमचं हायस्कूल बहुधा त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

कागद शोधायला दोन दारं. पहिलं, सरकारी राजपत्र. शाळा, पदं, जमीन संपादन यांचे आदेश तिथे सापडतात. दुसरं, पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. तिथे जुनी वर्तमानपत्रं आहेत. दैनिक ‘गोमन्तक’ 1962 पासून निघतं, ‘नवप्रभा’ 1970 पासून. जून महिना आणि निकालाचे दिवस आधी चाळा. वर्गखोल्या नाहीत, मास्तर नाहीत, बस येत नाही, अशी पालकांची पत्रं तिथेच असतात. स्मरणिकेतल्या स्तुतीपेक्षा त्या तक्रारींतून शाळा जास्त दिसते. शाळेत काही आदेश सापडत नसेल तर शिक्षण खात्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. पण त्याआधी भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात एक चक्कर मारा. अर्जाने महिना लागतो ते काम जुन्या कारकुनाशी बोलून कधीकधी दुपारपर्यंत होतं.

माणसांशी बोलताना ‘शाळेबद्दल काय वाटतं’ असं विचारू नका. सगळे सारखंच उत्तर देतात: मास्तर कडक होते, पण संस्कार झाले. डब्यात काय असायचं ते विचारा. पावसात ओहोळ कसा ओलांडायचात? प्राथमिक मराठीतून झाल्यावर पाचवीत इंग्रजी पुस्तक हातात आलं तेव्हा पहिले सहा महिने काय कळायचं? या शेवटच्या प्रश्नावर आमच्याकडे साठीतली माणसंसुद्धा सरसावून बसतात. आणि एक प्रश्न विसरू नका: तुमच्या वर्गातलं कोण दहावीपर्यंत पोचलं नाही? जे पोचले नाहीत त्यांच्याकडे जा. स्मरणिकेत नेहमी डॉक्टर आणि इंजिनियर छापले जातात, शाळेची निम्मी मुलं तिसरीकडेच असतात. शिपाईमामांना विचारा, माध्यान्ह आहाराची भाजी-पाव घेऊन येणाऱ्या बचत गटातल्या बायांना विचारा. बरेच जण कोकणीत बोलतील. ‘आमी चलत येताले’ असं म्हणाले तर तसंच छापा. त्याचं शुद्ध मराठी करत बसू नका.

नावलौकिकाचा भाग गणितवाल्यांनीच लिहावा असं माझं प्रामाणिक मत आहे. ‘शंभर टक्के निकाल’ या फलकाला भुलू नका. चौदा मुलं बसून चौदा पास झाली तरी शंभर टक्के, आणि एकशेवीस बसून एकशेबारा पास झाली तर त्र्याण्णव. कुठल्या शाळेने जास्त काम केलं? टक्क्यांशेजारी बसलेल्यांची संख्या द्याच. मग एक पायरी मागे जा: दहावीला बसलेली मुलं नववीत किती होती? शिक्षण हक्क कायद्यानंतर काही वर्षं आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं होतं आणि चाळणी नववीत आली. नववीतच मुलं गाळून दहावीचा निकाल चकचकीत करता येतो. तुमच्या शाळेने तसं केलं नसेल तर तोच तिचा खरा लौकिक, आकड्यांनिशी लिहा. 2021 साल तुलनेत धरू नका. कोविडमुळे त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही.

पट घटला असेल तर तेही लिहा, लाजू नका. गोव्यात अनुदानित हायस्कुलं सरकारी हायस्कुलांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांच्या ‘बालरथ’ या सरकारी योजनेतल्या बसगाड्या दारापर्यंत येतात. पालक दारातल्या बसमध्ये मूल बसवतो, यात शिक्षकांचा दोष शोधणं बरोबर नाही. उलट आता बाकांवर कोण आहे ते पाहा. कन्नड, हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलं मराठी आणि कोकणी इथेच शिकतात. त्यांना दुसरी कुठली शाळा सहज घेत नाही, सरकारी हायस्कूल घेतं.

मजकूर तयार झाला की छापण्याआधी तीन माणसांना वाचायला द्या: एक जुना विद्यार्थी, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि गावातला असा एक माणूस ज्याचं शाळेशी कधी पटलं नाही. तिसऱ्याच्या दुरुस्त्या सगळ्यात उपयोगी पडतात. छापल्यावर दोन प्रती पाटोच्या ग्रंथालयाला नेऊन द्या आणि मोजणीची वही शाळेच्या कपाटात, जनरल रजिस्टरांशेजारी ठेवा.