झाडांना सांडपाण्याचा गाळ घालताना या चुका टाळा

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून निघणारा गाळ वनलागवडीसाठी उत्तम खत आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते, मुरमाड जमिनीला हवा असलेला सेंद्रिय कर्ब असतो, आणि साग, करंज, निलगिरी ही झाडे माणसाच्या ताटात येत नसल्यामुळे शेतापेक्षा तिथे तो अधिक निर्धास्तपणे वापरता येतो. तरीही दर पावसाळ्यात त्याच चुका पाहून जीव हळहळतो, कारण मरतात ती रोपे आणि बदनाम होतो तो गाळ.

सर्वांत घातक चूक म्हणजे ओला गाळ थेट खड्ड्यात घालणे. काही वर्षांपूर्वी एका माळावरची करंजाची लागवड माझ्या देखरेखीखाली होती. पहिला पाऊस पडला, घाई झाली, आणि यंत्रातून नुकताच दाबून निघालेला काळा, चिकट गाळ मजुरांनी 45 सेंटिमीटरच्या प्रत्येक खड्ड्यात दोन-दोन घमेली टाकून त्यावर रोप लावले. पाऊस वाया जाऊ नये एवढेच माझ्या डोक्यात होते, म्हणून मी अडवले नाही. पंधरवड्यात पानांच्या कडा करपल्या. एक रोप उपटून पाहिले, तर मुळांची टोके काळी पडली होती, बोटांत धरून चोळताच त्यांची साल सुटत होती आणि खड्ड्यातून कुजक्या अंड्यांचा वास येत होता. कच्चा गाळ कुजताना मातीतला प्राणवायू ओढून घेतो, त्यातून अमोनिया सुटतो, आणि खड्ड्यात पाणी साचलेले असले की मुळे गुदमरतात. त्याच माळाच्या वरच्या टोकाला, जिथपर्यंत गाळ पोचलाच नव्हता, तिथली रोपे हिरवीगार उभी होती.

तेव्हापासून मी गाळ हिवाळ्यातच आणतो. हाताला चिकटणार नाही इतपतच तो वाळवतो, कारण पार कोरडा झाला तर ढीग तापत नाही. मग एक भाग गाळाला दोन-तीन भाग उसाचे पाचट किंवा पालापाचोळा मिसळून लांबट ढीग लावतो. अमेरिकेच्या 1993 च्या नियमांत अशा ढिगासाठी किमान 55 अंश सेल्सिअस तापमान 15 दिवस आणि त्या काळात निदान पाच परतण्या सांगितल्या आहेत. जंतांची अंडी मारायला एवढी उष्णता लागतेच, म्हणून लांब दांड्याचा तापमापक ढिगात खुपसून रोजचा आकडा मी वहीत लिहितो. त्यानंतर ढीग दोन-तीन महिने मुरू द्यावा लागतो. एवढे थांबण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने त्या वर्षी शेणखतावर लागवड करावी.

दुसरी चूक हिशेबाची आहे. लोक गाळ ट्रॉलीवर मोजतात, पण ट्रॉलीत किती पाणी आहे हे विचारत नाहीत. गाळात 80 टक्के पाणी असेल, तर एका टनात सुका माल 200 किलोच भरतो आणि त्यात 4 टक्के नत्र धरले, तर हाती 8 किलो नत्र येते. तोच गाळ वाळून 20 टक्के ओलाव्यावर आला, की टनामागे 800 किलो सुका माल होतो, आणि वाळताना थोडा अमोनिया उडून गेला तरी नत्र जवळपास चौपट भरते. शिवाय हे नत्र पहिल्याच वर्षी सगळे मोकळे होत नाही. झाड लगेच उसळले नाही म्हणून अधीर मंडळी दुसरा थर देतात, आणि ते जास्तीचे नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर झिरपत शेजारच्या विहिरीत उतरते.

तपासणीशिवाय गाळ कधीही उचलू नये. शहराच्या गटारात मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे पाणी मिसळत असेल, तर कॅडमियम, निकेल, क्रोमियम गाळात साठतात, आणि एकदा जमिनीत गेलेले धातू परत काढता येत नाहीत. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात किलोमागे कॅडमियम 5, निकेल 50 आणि शिसे 100 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, तीच मी गाळाच्या खतालाही लावतो. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत धातू अधिक सहज विरघळतात, म्हणून तिथे जास्त कडक राहावे. नमुना मात्र ढिगाच्या माथ्यावरून मूठभर न घेता दहा-बारा ठिकाणांहून, आतपर्यंत हात घालून घ्यावा, आणि त्या वेळी हातमोजे घालावेतच.

पालाशचा विसर पडू देऊ नये, कारण ते पाण्यात विरघळून प्रक्रिया केलेल्या पाण्याबरोबर निघून जाते आणि गाळात फार थोडे उरते. मी वेगळी राख घालतो. उतारावर मुसळधार पावसाच्या तोंडावर गाळ पसरू नये. ओळींमध्ये भुईमूग किंवा मुळा घेऊ नये. गाळ घातल्यावर निदान 30 दिवस शेळ्या आत सोडू नयेत. खत बुंध्याला टेकवू नये, वीतभर अंतर सोडून आळ्यात गोल द्यावे आणि वर माती ओढावी.

नीट न तापलेल्या ढिगाची एक खूण मला नेहमी उपयोगी पडते. टोमॅटोचे बी माणसाच्या पोटातून आणि प्रक्रिया केंद्रातूनही जिवंत बाहेर पडते, त्यामुळे आळ्यांत टोमॅटोची रोपे दाट उगवली, तर तो ढीग आतपर्यंत तापलेला नव्हता असे मी धरतो. अशा वेळी उरलेले खत मी लागवडीत जाऊ देत नाही, ते ओलवून पुन्हा ढिगाला लावतो.