भातलावणीचा फिका फोटो: पावसाळा न घालवता दुरुस्ती

जुलैत मुळशी, मावळ किंवा भोरकडे जाऊन आलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये हा फोटो असतो: पाण्याने भरलेली खाचरं, वाकून लावणी करणाऱ्या चारदोन बाया, मागे ढगात अर्धा बुडालेला डोंगर. तिथे उभं असताना डोळे निवले होते. फोटोत मात्र वर पांढराफटक पट्टा, मध्ये राखाडी धूर आणि खाली काळपट हिरवं. ढगाळ आभाळ आणि ओली माती यांच्या उजेडात मोठं अंतर असतं. डोळा दोन्हीकडे जुळवून घेतो, फोनला ते तितकं जमत नाही. फोटोत ऊन नाही हा दोष नव्हेच. दोष सपाटपणाचा आहे, आणि दुरुस्ती तेवढ्याचीच करायची.

इथले आकडे स्नॅपसीड या फोटो दुरुस्तीच्या अ‍ॅपमधले आहेत. अ‍ॅपच्या आवृत्तीप्रमाणे मांडणी थोडी वेगळी दिसेल. आकडे सुरुवातीपुरते धरा. प्रत्येक फोटोला ते थोडे हलवावे लागतात.

आधी फाइल तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत घेऊ नका. त्यात फाइल दाबून लहान केलेली असते आणि ढगांमधले बारीक फरक पुसले जातात. फोटो ज्याने काढला त्याच्याकडून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. पडद्याचा नाइट लाइट बंद करा. पिवळट पडद्यावर रंग जुळवला तर इतरांना फोटो निळसर दिसतो. मग आभाळ मोठं करून पाहा. ढगांच्या कडा थोड्या तरी दिसत असतील तर काम होईल. सगळीकडे एकसारखा पांढरा असेल तर तिथे माहितीच नाही; कितीही गडद केलं तरी राखाडी रंग फासल्यासारखं दिसेल. अशा वेळी आभाळ कापून ते फोटोच्या वरच्या एक चतुर्थांशापुरतं ठेवा, किंवा डोंगराच्या वर बोटभर.

तिरकेपणा. डोंगराळ भागात क्षितिज नसतं आणि उतारावरचे बांध तिरकेच असतात, म्हणून बांधावरून फोटो सरळ करायला जाऊ नका. खाचरातलं प्रतिबिंब पाहा. उभं माणूस किंवा विजेचा खांब आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब एका उभ्या रेषेत यायला हवं. ही खूण फोटोच्या मधल्या भागातलीच घ्या. कडेला फोनची रुंद लेन्स उभ्या रेषाही कलवते. ‘रोटेट’मध्ये १-२ अंशांनी सहसा भागतं.

रंगाचा तोल. ढगाळ उजेडात फोटो निळसर येऊ शकतो. ‘व्हाइट बॅलन्स’मधला ड्रॉपर टेकवायला पांढरं काहीतरी शोधलं जातं आणि बोट हमखास एखाद्या टोपीवर किंवा सदऱ्यावर जातं. नीळ घातलेलं कापड निळसरच असतं. अ‍ॅप त्यालाच पांढरं समजतं आणि अख्खा फोटो पिवळा करतं. त्यापेक्षा सिमेंटची भिंत किंवा काळा कातळ बरा. ड्रॉपर वापरायचा नसेल तर टेंपरेचर +८ ते +१२. पायाचा चिखल तांबूस दिसू लागला की थांबा.

उजेड. ‘ट्यून इमेज’ उघडा: हायलाइट्स −४०, शॅडोज +२५, अ‍ॅम्बियन्स +१५, कॉन्ट्रास्ट +१०. ब्राइटनेसला हात लावू नका, त्याने आभाळ आणखी उडतं. शॅडोज +५० च्या वर नेल्या की झाडांखालची सावली धुरकट होते आणि तिथे रंगीत ठिपके उठतात. सैचुरेशन (रंगाचा भडकपणा) आत्ता शून्यावरच राहू द्या.

आता डोंगर. धुकं पूर्ण काढायचा मोह होतो, पण दूरचं फिकं आणि जवळचं गडद यामुळेच खोली जाणवते. ‘सिलेक्टिव्ह’चा एक बिंदू डोंगरावर टेकवा, दोन बोटांनी वर्तुळ डोंगराएवढं करा; कॉन्ट्रास्ट +२०, स्ट्रक्चर (बारीक पोत) +१५. दुसरा बिंदू आभाळात: ब्राइटनेस −१५, स्ट्रक्चर +२०. हे साधन वर्तुळातला त्या बिंदूसारखाच रंग मुख्यतः पकडतं, त्यामुळे झाडाच्या कडेपाशी बऱ्यापैकी थांबतं. ‘एचडीआर स्केप’ हा फिल्टर जपून वापरा. बाभळीच्या किंवा आंब्याच्या शेंड्याभोवती पांढरी झालर आली की फोटो बिघडला म्हणून समजा.

आभाळच बदलून निळं लावायची सोय आता अनेक अ‍ॅपमध्ये आहे. लावणीच्या फोटोत ती लगेच उघडी पडते. वर निळं आणि खाली खाचरात पांढरंच आभाळ! शिवाय माणसांच्या सावल्या पडलेल्या नसतात. आहे तेच आभाळ गडद केलंत तरी पाण्यावर एक बिंदू टेकवून ब्राइटनेस −८ करा, म्हणजे वरचं आणि खालचं जुळेल.

हिरवा रंग. बहुतेक फोटो इथे वाया जातात. भाताचं कोवळं रोप पोपटी, बांधावरचं गवत पिवळसर हिरवं, मागची झाडी काळपट. सैचुरेशन वाढवलं की तिन्ही एकाच प्लॅस्टिकच्या हिरव्यात बुडतात. उलट एकूण सैचुरेशन −५ ते −१० करून बघा. लाइटरूम या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी पट्टी असते. तिथे गवत आणि कोवळी रोपं बऱ्याच अंशी ‘यलो’त मोडतात, त्यामुळे ‘ग्रीन’ कितीही ओढलं तरी हवा तो फरक दिसत नाही. यलोचं सैचुरेशन −१५, ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) +१०. ग्रीनचं सैचुरेशन −१०. रोपं चिखलातून उठून दिसू लागतात.

माणसं. वाकलेल्या माणसाचा चेहरा इरल्याखाली किंवा प्लॅस्टिकच्या खोळीखाली काळा पडतो. सिलेक्टिव्हचं लहान वर्तुळ, ब्राइटनेस +२०, बस्स. त्याहून जास्त केलं तर चेहऱ्यावर बॅटरी मारल्यासारखं दिसतं. सावळी त्वचा गोरी करायची नाही.

विजेच्या तारा पुसायला ‘हीलिंग’. फोटो दोन-तीन पट मोठा करा आणि बोटाच्या लहान फटकाऱ्यांनी तुकड्यातुकड्यांनी पुसा. एकाच लांब रेघेत पुसलं की आभाळात डाग पडतो. तार झाडाआड जाते तिथे पानांची विचित्र नक्कल उमटते, तेवढा भाग सोडा. खांब राहू द्यावा, तो गावाचाच आहे. फोटो बातमीसाठी किंवा स्पर्धेसाठी असेल तर काहीही पुसण्याआधी नियम वाचा.

लेन्सवरच्या थेंबाने आलेला धूसर डाग लहान असेल तर हीलिंगने जातो. चेहऱ्यावर आला असेल तर तो फोटो सोडून त्याच वेळचा दुसरा शोधा.

शेवटी धार. ‘डिटेल्स’मध्ये स्ट्रक्चर +१०, शार्पनिंग +१५. तपासताना खरा आकार पाहा. लहान पडद्यावर सगळंच धारदार वाटतं. ‘एक्सपोर्ट’ने वेगळी प्रत काढा, मूळ फाइल तशीच ठेवा. ८ बाय १२ इंची छपाई ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) करायची तर २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो, म्हणजे कापायला जागा फार नाही. छापून पडद्यापेक्षा थोडं गडद येतं, त्यामुळे छपाईच्या प्रतीला ब्राइटनेस +५ द्या आणि आधी एक ४ बाय ६ ची प्रत काढून बघा.