जेट इंजिनाच्या ज्वलनावर काम करायचंय? आधी मिश्रण समजून घ्या

कलाभवनातून मेकॅनिकल झालेली आपली बडोद्याची मुलं हल्ली विचारतात, जेट इंजिनांत शिरायचं कसं? वाट सरळ आहे. गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा द्या, मेकॅनिकलचा पेपर चालतो; आयआयटी मद्रासला ज्वलन संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, बंगळूरला आयआयएससी आहे. पण प्रवेशाआधी विषयाचं मर्म कळलेलं बरं.

केरोसिन पुरतं जाळायला वजनाने साधारण १५ पट हवा लागते. नेमकी तेवढीच दिली तर ज्योत भयंकर तापते, आणि १८०० केल्व्हिनच्या आसपासपासून पुढे नायट्रोजनची ऑक्साइडं झपाट्याने वाढतात. म्हणून हवा जास्त ठेवायची, म्हणजे लीन मिश्रण. नवखा इथे सरासरी बघून खूश होतो. इक्विव्हॅलन्स रेशो (म्हणजे नेमकं लागतं त्याच्या तुलनेत इंधन किती; १ म्हणजे नेमकं, त्याखाली लीन) सरासरी ०.५ आला, पण त्यात अर्धा भाग ०.३ आणि अर्धा ०.७ असला तर? प्रदूषण जवळजवळ सगळं ०.७ वाल्या भागातून येतं आणि ०.३ कडे ज्योत टिकवणं अवघड होतं. आणि हे सगळं मिसळायला वेळ मिळतो फक्त काही मिलिसेकंद!

हे काम स्वर्लर करतो. त्याची पाती हवेला गरगर फिरवतात. स्वर्ल नंबर, म्हणजे या गरगरण्याचा जोर सांगणारा आकडा, ०.६ च्या पुढे गेला की मधला प्रवाह उलटा फिरतो, आणि परत आलेले गरम वायू ज्योत धरून ठेवतात.

मग मिश्रण अगदी एकसारखं केलं की झालं? नाही. ज्योत मागे सरकते, मिश्रण वेळेआधीच पेटतं, कधी दाबाच्या लाटा उठून कक्ष गरजतो. जीई या इंजिन कंपनीच्या टॅप्स नावाच्या ज्वलनकक्षाच्या रचनेत म्हणूनच मधोमध पायलट, म्हणजे आधाराची छोटी ज्योत ठेवून भोवती लीन मिश्रण सोडतात. जीईएनएक्स आणि लीप इंजिनांत हीच रचना आहे.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हवा असेल तर आग लावूच नका. थ्रीडी प्रिंटरवर स्वर्लर छापा, ब्लोअर लावा, पिटो ट्यूबने (दाबावरून वेग सांगणारी नळी) वेग मोजा आणि ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या उत्तराशी ताडून बघा. उलट्या प्रवाहात पिटो फसवते. तिथे दोऱ्याचे तुकडे बांधून दिशा बघा. (मांजा नको, साधा दोरा, उत्तरायणानंतर घराघरात उरतोच.) इंधनाऐवजी थोडा कार्बन डायऑक्साइड सोडून ठिकठिकाणचे नमुने तपासता आले तर उत्तमच. अशा सॉफ्टवेअरमध्ये टर्ब्युलंट श्मिट नंबर (खळबळत्या प्रवाहात वायू किती पटकन मिसळतो हे ठरवणारा आकडा) बऱ्याचदा ०.७ आधीच भरलेला असतो. तो बदलून बघा, मिश्रणाचं चित्रच बदलतं. मोजमाप आणि गणित जुळलं नाही तर ते लपवू नका, रिपोर्टात लिहा. मुलाखतीत माझ्याशी सगळ्यांत जास्त वेळ त्यावरच बोलले होते.